दरवाज्यात उभी असलेली बाई : बानू मुश्ताक यांच्या कथा आणि आपण

२० मे २०२५ रोजी लंडनच्या टेट मॉडर्न कलादालनात आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक जाहीर झाले आणि कर्नाटकातील हासन या जिल्ह्याच्या गावी वकिली करणाऱ्या सत्त्याहत्तर वर्षांच्या बानू मुश्ताक यांचे नाव एका रात्रीत सर्वतोमुखी झाले. कन्नड भाषेच्या वाट्याला हा मान पहिल्यांदाच आला. कथासंग्रहालाही तो पहिल्यांदाच मिळाला. 'हार्ट लॅम्प' हे त्यांच्या निवडक बारा कथांचे इंग्रजी पुस्तक. पन्नास हजार पौंडांचे पारितोषिक लेखिका आणि अनुवादक दीपा भास्ती यांच्यात समसमान वाटले गेले.

आनंद तर झालाच. शेजारच्या राज्यातली, आपल्यासारख्याच मोहल्ल्यात वाढलेली, आपल्यासारखीच घरात एक बोली आणि कागदावर दुसरी भाषा वापरणारी एक बाई जगाच्या व्यासपीठावर उभी राहिली. पण पुढच्या काही दिवसांत जे कौतुक झाले ते ऐकताना आम्ही थोडे अस्वस्थ झालो. एका बाजूचे म्हणत होते, 'बघा, मुसलमान बायकांचे किती हाल होतात ते त्यांच्यातल्याच एकीने सांगितले.' दुसऱ्या बाजूचे, म्हणजे आपल्यातले काही जण, हळू आवाजात म्हणत होते, 'आपल्या घरातले धुणे जगाच्या चव्हाट्यावर धुतले म्हणूनच हे बक्षीस.' दोघांचे बोलणे परस्परविरोधी वाटते. पण दोघांचेही गृहीत एकच आहे. बानू मुश्ताक समाजाच्या बाहेर जाऊन, समाजाकडे पाठ करून लिहितात, असे दोघेही धरून चालतात. आमच्या मते हे गृहीतच चुकीचे आहे. त्यांच्या कथा आणि त्यांचे पंचेचाळीस-पन्नास वर्षांचे सार्वजनिक आयुष्य एकत्र वाचले तर वेगळेच दिसते. ही बाई घरात बसलेली नाही आणि घर सोडून गेलेलीही नाही. ती दरवाज्यात उभी आहे. दरवाज्यात उभ्या असणाऱ्याला दोन्हीकडचा वारा लागतो.

बानू मुश्ताक यांचा जन्म १९४८ सालचा, हासनचा. वडील आरोग्य खात्यात नोकरीला. मुसलमान मुलीने शिकायचे तर उर्दू शाळेत, हा त्या काळचा रिवाज. बानू आठ वर्षांच्या असताना त्यांना शिवमोगा येथील मिशनरी कन्नड शाळेत घालण्यात आले. सहा महिन्यांत कन्नड लिहिता-वाचता आले तरच ठेवून घेऊ, अशी शाळेची अट होती. मुलीने काही दिवसांतच अक्षरे गिरवायला सुरुवात केली. ही हकिकत त्यांच्याविषयीच्या प्रत्येक लेखात येते आणि बुद्धिमत्तेचा पुरावा म्हणून येते. आम्हाला तिच्यात वेगळीच गोष्ट दिसते. त्या मुलीला राज्याची भाषा आयती मिळाली नाही. अट घालून, मुदत देऊन मिळाली. ज्यांची मातृभाषा कन्नड होती त्यांना ही परीक्षा द्यावी लागली नव्हती.

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. हासन-शिवमोग्याच्या मुसलमान घरांत दखनी बोलली जाते. सोलापूर, मिरज, लातूर, बीडच्या आपल्या घरांतही तीच दखनी, थोड्या वेगळ्या हेलाने. कोकणातल्या घरांत कोकणी बोली. शाळेत मराठी, मदरशात अरबी, मुशायऱ्यात उर्दू. मराठीत लिहायला बसले की एका बाजूने प्रश्न येतो, 'तुम्ही मराठी कसे काय इतके चांगले बोलता?' दुसऱ्या बाजूने येतो, 'उर्दू सोडून मराठीत का लिहिता?' हेच दोन प्रश्न घेऊन १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले होते. 'हार्ट लॅम्प'मधल्या कथाही १९९० ते २०२३ या काळातल्याच आहेत. भीमेच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच वेळी एकच भांडण चालू होते, आणि आपल्याला एकमेकांची फारशी खबर नव्हती.

घरच्यांच्या ओळखीपाळखीत मुली सोळा-सतराव्या वर्षी बोहल्यावर चढत असताना बानू कॉलेजात गेल्या. सव्विसाव्या वर्षी त्यांनी आपल्या पसंतीच्या मुलाशी लग्न केले. साधारण त्याच सुमारास त्यांची पहिली कथा 'प्रजामत' या कन्नड साप्ताहिकात छापून आली. प्रेमविवाह असूनही सासरी बुरखा आणि चूल यांत त्या कोंडल्या गेल्या, आणि बाळंतपणानंतरच्या नैराश्यात एकदा त्यांनी अंगावर पेट्रोल ओतून घेतले. नवऱ्याने वेळीच हातातली काडेपेटी काढून घेतली. हे सर्व त्यांनी स्वतःच मुलाखतींतून सांगितले आहे. एकोणतीस-तिसाव्या वर्षाची ती तरुण आई त्या दिवशी वाचली आणि पुढे अनेक वर्षांनी तिने त्या रात्रीची कथा लिहिली.

ती कथा म्हणजे 'एदेय हणते'. इंग्रजी पुस्तकाला नाव मिळाले ते हिच्यावरून. 'हणते' म्हणजे पणती; 'एदे' म्हणजे छाती, काळीज. काळजातली पणती. मेहरुन नावाची बाई तान्ह्या मुलाला घेऊन माहेरी येते. नवरा एका नर्सच्या नादी लागला आहे. भाऊ तिला परत नेऊन सोडतात. खानदानाची अब्रू त्यांना बहिणीपेक्षा जड वाटते. रात्री मेहरुन रॉकेलचा डबा अंगावर उपडा करते. तिला अडवते ती तिची थोरली मुलगी सलमा, धाकट्याला छातीशी धरून. लेखिकेच्या आयुष्यात काडेपेटी नवऱ्याने काढून घेतली. कथेत नवऱ्याच्या जागी मुलगी आली. या एका बदलात बानू मुश्ताक यांचा स्त्रीवाद पुरता सामावला आहे, असे आम्हाला वाटते. आपले आयुष्य जसेच्या तसे लिहिले असते तर ती एका भल्या नवऱ्याची गोष्ट झाली असती. त्यांनी ती अशा बाईची केली जिला असा नवरा मिळालेला नाही. मोहल्ल्यात अशाच बायका जास्त आहेत. आणि मग त्यांनी प्रश्न विचारला : हिला कोण वाचवणार? उत्तर आले, पुढच्या पिढीची पोर. पण त्या पोरीच्या खांद्यावर हे ओझे का, हा प्रश्न वाचकाच्या मनात उरतोच.

बानू मुश्ताक यांची लेखिका म्हणून जडणघडण एकटीने झालेली नाही, हेही सांगितले पाहिजे. १९७०-८० च्या दशकांत कर्नाटकात दलित चळवळ, शेतकरी चळवळ आणि बंडाय साहित्याची चळवळ एकत्र उभ्या राहिल्या. बंडाय म्हणजे बंड. आपल्याकडे दलित साहित्याने जे काम केले त्याच्याशी तिचे नाते जवळचे. ब्राह्मणी शिष्ट कन्नडच्या जागी ज्याच्या-त्याच्या वस्तीची कन्नड आली आणि तिच्याबरोबर मुसलमान लेखकही आले : बोळुवारु महमद कुंञी, फकीर मुहम्मद कटपाडी, सारा अबूबकर. सारा अबूबकर यांच्या 'चंद्रगिरिय तीरदल्लि' या कादंबरीने तलाक आणि हलालाच्या नावाखाली एका कोवळ्या मुलीचे काय होते हे १९८० च्या दशकातच मांडले होते. पी. लंकेश यांनी १९८० साली सुरू केलेल्या 'लंकेश पत्रिके'ने या साऱ्यांना पाने दिली. बानू मुश्ताक यांनी त्याच पत्रिकेत दहाएक वर्षे बातमीदारी केली. लंकेश यांची मुलगी गौरी हिची ५ सप्टेंबर २०१७ रोजी तिच्या घराच्या दारात हत्या झाली, हे आपण विसरलेलो नाही.

बातमीदारीनंतर वकिली आली. या दोन्ही धंद्यांनी त्यांच्या कथेला एक सवय लावली : बाईचे दुःख सांगताना तिची मागणी नेमकी काय आहे ते सांगायचे. दाव्यात जशी शेवटी 'विनंती' लिहावी लागते तशी. रडणे सगळेच लिहितात. मागणी फार थोडे लिहितात.

'करि नागरगळु', म्हणजे 'काळे नाग', ही त्यांची सर्वांत गाजलेली कथा याच दृष्टीने पाहावी. अश्रफला तिन्ही मुलीच झाल्या म्हणून रिक्षावाल्या याकूबने टाकले आहे. धाकटी मुन्नी आजारी आहे. अश्रफ मुतवल्लीकडे न्याय मागते. तो तिला झुलवत ठेवतो, याकूबचे खातो-पितो. शेवटी ती पोरींना घेऊन मशिदीतच जाऊन बसते. मुन्नी वाचत नाही. मग मुतवल्ली गल्लीतून घरी निघाला की दारादारांतून बायका त्याला शिव्याशाप देतात. काळे नाग डसोत म्हणतात. आणि दर वर्षाला पाळणा हलवून थकलेली त्याची स्वतःची बायको अमीना त्याला न जुमानता ऑपरेशन करून घ्यायला निघते.

अश्रफची मागणी काय आहे? तिला कुराण बदलून नको आहे. समान नागरी कायदा तिने ऐकलेलाही नाही. तिला पोरीच्या औषधपाण्याला पैसे हवे आहेत, आणि ते देणे बापावर शरियतनेच बंधनकारक केले आहे, हे तिला जुलेखा बेगम नावाच्या शिकलेल्या बाईकडून कळले आहे. १९८५ च्या शाहबानो निकालानंतर आणि १९८६ च्या कायद्यानंतर आपल्याकडे वर्षानुवर्षे जो वाद झाला तो तलाक या एका शब्दाभोवती फिरला. २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि २०१९ चा तीन वर्षांच्या कैदेचा कायदा याच शब्दाभोवती. अश्रफ या दोन्ही बाजूंच्या हिशेबात कुठेच नाही. तिला टाकले आहे, आणि टाकायला तीन शब्द उच्चारावे लागत नाहीत. असे नुसते टाकून देणे कोणत्याही एका जमातीची मिरासदारी नाही. कथेने ही फट तेव्हाच दाखवली होती. ती कायदा करणाऱ्यांनी पाहिली नाही आणि शरियतचा कैवार घेणाऱ्यांनीही पाहिली नाही.

'बेंकी मळे', म्हणजे 'आगीचा पाऊस', या कथेत हेच अधिक तिरकसपणे येते. मुतवल्ली उस्मान साहेबांकडे त्यांची बहीण जमिला वडिलांच्या मालमत्तेत हिस्सा मागते. सूरह निसाने मुलीचा वाटा ठरवून दिला आहे. त्यात वाद घालायला जागा नाही. साहेबांना तो द्यायचा नाही. नेमकी तेव्हाच बातमी येते की निसार नावाच्या एका मुसलमानाचे प्रेत हिंदूंच्या मसणवटीत पुरले गेले आहे. साहेबांच्या अंगात जमातीचा कैवार संचारतो. अर्ज, जमाव, पोलीस, मिरवणूक. प्रेत उकरून काढून इतमामाने दफन होते. आणि पुढे निसार जिवंतच दिसतो. बहिणीचा हिस्सा मात्र जिथल्या तिथे. मेलेल्या आणि तेही परक्या माणसासाठी दीन जागा होतो. जिवंत बहिणीसाठी होत नाही. ही कथा वाचून ज्याला आपल्या गावातला एकही चेहरा आठवला नाही तो भाग्यवान. आपल्यापैकी किती घरांत बहिणींकडून 'माफ केले' असे लिहून घेतले आहे, आणि शेतजमिनीपुरते तर १९३७ च्या शरियत कायद्यानेच दार बंद ठेवले आहे हे किती सुधारकांना ठाऊक आहे, याचा विचार ज्याने-त्याने करावा.

बानू मुश्ताक यांचे हत्यार बाहेरून आणलेले नाही, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. मेहर, इद्दत, हिस्सा, कफन, जमजम, चाळिसावा हे सारे शब्द आपल्या रोजच्या जगण्यातले. त्या शब्दांनीच त्या शब्दांच्या मक्तेदारांना जाब विचारतात. 'शाइस्ता महल' या कथेत इफ्तिकार बायकोसाठी महाल बांधण्याच्या गोष्टी करतो, तिला बाळंतपणामागून बाळंतपणे देतो, आणि ती मेली की चाळिसाव्याचे जेवण नीट जिरायच्या आत दुसरी कोवळी मुलगी घरात आणतो. शाळा सोडून भावंडे सांभाळणारी थोरली मुलगी आसिफा कोपऱ्यात तशीच. लेखिका इफ्तिकारला खलनायक करत नाही. तो खरेच बायकोवर प्रेम करत होता, हेच अधिक भयंकर आहे.

त्यांच्या कथांतल्या बायका सगळ्या गरीब गाई आहेत असेही नाही. 'कफन' या कथेतली शाझिया श्रीमंत आहे, हजला निघाली आहे. गरीब यासीन बुआ आपली पै-पै साठवलेली पुंजी तिच्या हाती देऊन जमजममध्ये भिजवलेले कफन आणायला सांगते. शाझिया साऱ्या जगाची खरेदी करून येते. कफन राहून जाते. यासीन बुआ मरते. मग शाझियाला जे कळते ते कळायला तिला हजला जावे लागले नसते. 'लाल लुंगी'त श्रीमंत रझिया गोरगरिबांच्या मुलांची सामुदायिक खतना लावते. लाल लुंग्या वाटल्या जातात. घरच्या मुलासाठी डॉक्टर, बाकीच्यांसाठी न्हावी आणि राख. गरीब आरिफची जखम भरते, साहेबांचा मुलगा अंथरूण धरतो. इथे स्त्री-पुरुष भेद बाजूला राहतो आणि आपल्या समाजातला गरीब-श्रीमंत भेद उघडा पडतो. 'उम्मत एक आहे' हे वाक्य जुम्म्याला ऐकायला बरे वाटते. ते रझियाच्या अंगणात ऐकावे.

आणि या सगळ्यात हसू आहे. गोबी मंचुरियनसाठी वेडा झालेला अरबीचा मास्तर, भावजयीच्या परदेशी उंच टाचेच्या चपलेसाठी झुरणारा आणि ती चप्पल गरोदर बायकोच्या पायांत कोंबणारा नयाज खान, पेप्सीला आब-ए-कौसर समजून जन्नतचे सुख घेणारी बी दादी. बी दादीची उभ्या आयुष्याची जानमाज घरातल्या पोराने मोटारसायकल पुसायला वापरली, म्हणून ती खचली आहे. पोरे तिला पेप्सी पाजून 'जन्नतमध्ये' पोचवतात. वाचताना हसू येते आणि लगेच आपलीच लाज वाटते. असा विनोद दुःखाच्या घरी राहून आलेल्यालाच जमतो.

दोषही सांगितले पाहिजेत. नुसती आरती ओवाळणे हे समीक्षेचे काम नव्हे. बारा कथा ओळीने वाचल्या की पुरुषांचा साचा जाणवू लागतो. मुतवल्ली नेहमी पोटभरू, नवरा नेहमी वासनांध किंवा नेभळट. 'काळजाचा निर्णय' या कथेतला युसूफ, बायकोच्या रोजच्या टोमण्यांना कंटाळून विधवा आईचाच निकाह लावायला निघणारा, हा या साच्यातून सुटलेला दुर्मीळ पुरुष. असे आणखी हवे होते. दुसरे, शेवटाला आवाज चढतो. मुन्नीचा मृत्यू, मेहरुनचे रॉकेल, 'एकदा बाई हो, प्रभू' या कथेतला देवाला उद्देशून केलेला आक्रोश, यांत चळवळीच्या सभेचा सूर उतरलेला दिसतो. बंडाय साहित्याचे हे देणेही आणि त्याची मर्यादाही. आपल्याकडच्या विद्रोही कथेलाही हीच सवय जडली आहे, म्हणून हे आम्ही परक्याचे वैगुण्य म्हणून सांगत नाही. मात्र ज्या कथांत त्यांनी आवाज खाली ठेवला, 'कफन' आणि बी दादीची कथा, त्या आम्हाला अधिक टिकाऊ वाटतात.

त्यांच्या प्रभावाची चर्चा बुकरपासून सुरू करणे हा अन्याय होईल. १९९९ साली त्यांना कर्नाटक साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. 'काळे नाग'वरून गिरीश कासरवल्ली यांनी 'हसीना' हा चित्रपट केला, आणि २००४ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यातल्या भूमिकेसाठी तारा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या. दीपा भास्ती यांच्या अनुवादाचाही वेगळा विचार झाला पाहिजे. त्यांनी दखनी-उर्दू-अरबी शब्द तसेच ठेवले, तिरप्या टाइपात घातले नाहीत, खाली टिपा दिल्या नाहीत. आपल्या मराठी कथेत 'खाला', 'वजू', 'दुआ' असे शब्द आले की कंसात अर्थ द्या असा आग्रह धरणारे संपादक आपल्याला भेटत आले आहेत. त्यांना आता सांगता येईल की कंस न देता लिहिलेले पुस्तकही लंडनपर्यंत पोचते.

पण प्रभाव लेखनाइतकाच वागण्यातूनही पडतो. २००० साली बानू मुश्ताक यांनी मुसलमान स्त्रियांना मशिदीत नमाज पढण्याचा हक्क आहे, असे जाहीरपणे म्हटले. फतवा निघाला. तीन महिने त्यांच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार होता, धमक्या आल्या, एक जण सुरा घेऊन चालून आला, त्याला नवऱ्याने आवरले. मक्का-मदिनेत स्त्रिया मशिदीत नमाज पढतात हे हासनमधल्यांना ठाऊक नव्हते असे थोडेच आहे! पुढे २०१९ साली पुण्यातल्या एका दांपत्याने हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि जानेवारी २०२० मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्रावर सांगितले की इस्लाममध्ये स्त्रियांना मशिदीत येण्यास मनाई नाही. मुंबईच्या हाजी अलीचा निकाल तर २०१६ चाच. जे बोलल्याबद्दल एका बाईच्या अंगावर सुरा आला होता, ते वीस वर्षांनी बोर्डानेच लिहून दिले. तिची माफी मात्र कोणी मागितल्याचे आमच्या वाचनात नाही.

हीच बाई चिकमगळूरजवळच्या बाबा बुडनगिरीच्या दर्ग्यावर मुसलमानांना जाऊ न देण्याच्या प्रयत्नांविरुद्ध सौहार्दाच्या चळवळीत उतरली. हीच बाई हिजाब घातलेल्या मुलींना कर्नाटकातल्या कॉलेजांच्या फाटकाबाहेर उभे केले गेले तेव्हा त्या मुलींच्या बाजूने बोलली. स्वतः बुरख्याच्या सक्तीत घुसमटलेल्या बाईने हे बोलावे यात काहींना विसंगती दिसली. आम्हाला दिसत नाही. घालायला लावणे आणि काढायला लावणे, दोन्हीत हात दुसऱ्याचाच असतो.

२०२३ साली एका साहित्य संमेलनात त्या बोलल्या ते असे : कन्नड भाषेला देवी करून, कुंकू लावून सिंहासनावर बसवलेत, मग माझ्यासारखीने उभे राहायचे कुठे? शिवमोग्याच्या शाळेतली सहा महिन्यांची मुदत सत्तर वर्षांनी अजून संपलेली नव्हती, असेच म्हणायचे! हे भाषण दोन वर्षांनी उकरून काढण्यात आले, जेव्हा कर्नाटक सरकारने त्यांना म्हैसूरच्या दसऱ्याचे उद्घाटन करायला बोलावले. २०१७ साली कन्नड कवी निसार अहमद यांनी याच दसऱ्याचे उद्घाटन केले होते. तरीही या वेळी विरोध उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. १९ सप्टेंबर २०२५ रोजी तो तिथेही फेटाळला गेला. २२ सप्टेंबरला चामुंडी टेकडीवर त्यांनी फुले वाहून उद्घाटन केले. त्यावर आपल्यातल्या काहींच्या कपाळालाही आठ्या पडल्या असतील. पडोत.

मशीद, दर्गा, कॉलेज, चामुंडी टेकडी. चार दारे आणि चार प्रकारचे राखणदार. त्यांचे एकमेकांशी पटत नाही. पण 'तू इथली नव्हेस' हे वाक्य चौघांनाही पाठ आहे.

मराठीत आपल्याला हा अनुभव नवा नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई सात मुसलमान स्त्रियांना घेऊन विधानभवनावर गेले. १९८४ साली मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आले, आणि घरातला क्रांतिकारक दारातून आत आल्यावर काय होतो हे मराठी वाचकाला कळले. दलवाईंवरून आपल्यात आजही दोन तट पडतात. त्यांचे म्हणणे खरे होते, पण ते कोणाच्या कामी आले, असा प्रश्न अनेक जण विचारतात. तो प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. दंगलीनंतरच्या वस्तीत राहणाऱ्याला आपल्या घरातली उणीदुणी सांगण्याची भीती वाटते. आपलेच कोलीत वैऱ्याच्या हाती जाईल असे वाटते. ही भीती खरी आहे. पण या भीतीचे भाडे आजवर बायकांनीच भरले आहे. 'आत्ता नको, वेळ बरी नाही' हे अश्रफला सांगितले गेले, जमिलाला सांगितले गेले, हासनच्या वकीलबाईंनाही सांगितले गेले. बरी वेळ कधी येणार होती?

बानू मुश्ताक यांनी या भीतीवर शोधलेला उपाय साधा आहे, म्हणूनच अवघड आहे. आतल्या अन्यायाविरुद्ध लिहायचे असेल तर बाहेरच्या अन्यायासमोरही उभे राहायचे. आणि बाहेर समाजाचा कैवार घ्यायचा असेल तर आत बहिणीचा हिस्सा द्यायचा. एक काम करून दुसऱ्यातून सूट मिळत नाही. जो फक्त आत बोट दाखवतो त्याचे लेखन परक्यांच्या व्यासपीठावर वाजते आणि मोहल्ल्यात मुके होते. जो फक्त बाहेर बोट दाखवतो त्याच्या घरात मेहरुन रॉकेलचा डबा शोधत असते.

आपल्या मुली आता लिहू लागल्या आहेत. सोलापूरच्या, मालेगावच्या, चिपळूणच्या. त्यांचे पहिले लिखाण अंकाकडे येते तेव्हा बहुतेकदा वर नाव असते आणि खाली विनंती असते की नाव छापू नका. त्या विनंतीचा मान ठेवावाच लागतो. पण ज्या दिवशी ती खालची ओळ येणार नाही, तो आमच्या दृष्टीने बुकरच्या रात्रीपेक्षा मोठा दिवस असेल. तोवर या पोरींच्या हाती 'काळे नाग' द्यावी, 'कफन' द्यावी. आणि त्याच्याही आधी, ज्याच्या-त्याच्या घरातल्या जमिलाचा हिस्सा तिच्या हाती द्यावा.